फक्त बाजारापुरती चाललेली गाडी

सायराकानच्या गाडीत बसून मयतीला गेलं नाही, असं घर आमच्या वस्तीत सापडायचं नाही. बिश्केकहून ओशला जायचं म्हणजे दोन उंच घाट, मधे तो काळोखा बोगदा, हिवाळ्यात रस्त्यावर आरशासारखा बर्फ. रोजच्या टॅक्सीवाल्यांना चार उतारू मिळाल्याशिवाय निघवत नाही. आणि मॉस्कोत मजुरीला गेलेला मुलगा विमानातून उतरून रडत उभा असतो, तिकडे बापाला मातीत ठेवायची वेळ झालेली असते. अशा वेळी लोक, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं एजे म्हणत, एकमेकांना सांगायचे, "सायराकान एजेला फोन लावा. ती पोचवेल."

आणि ती पोचवायची. बारीक अंगाची, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेली ही बाई दोन दारांच्या, बसक्या, जपानी स्पोर्ट्स कारमध्ये बसून निघायची. ही गाडी मुळात पैसेवाल्यांच्या पोरांनी मिरवायची. मागच्या सीटवर धड माणसाला गुडघे ठेवता येत नाहीत. पण सायराकानच्या गाडीत तिथं रक्ताच्या पिशव्या गेल्या, औषधं गेली, एकदा तर नवरदेवाचे विसरलेले बूटसुद्धा गेले.

गाडी चालवायचं वेड तिला लहान वयात लागलं. बिश्केकला फ्रुंझे म्हणत होते तेव्हा ती बस डेपोत हिशेबनीस होती, आणि संध्याकाळी सरकारी मोटर क्लबात शर्यतीच्या गाड्या चालवायची. प्रजासत्ताकाच्या शर्यतीत तिनं पुरुषांना मागं टाकून कप आणला होता. पुढं देश बदलला, क्लबला कुलूप लागलं, डेपो मोडीत निघाला. तिनं बाजारात मोजे विकले. मग नवरा असान, जो हाडाचा मेकॅनिक होता, त्यानं जपानहून आलेली ही ठोकलेली गाडी मातीच्या भावात आणून उभी केली. स्टिअरिंग उजवीकडे. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. असान डावीकडे बसून मान बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "हं, काढ." तो गेल्यावर ती स्वतःच अंदाजानं काढू लागली. या गाडीवर दोन मुलं शिकली. मुलगी कझानला सासरी गेली. मुलगा कुबात इथंच, आईजवळ, त्याच्या आपाजवळ राहिला. मोबाइलच्या दुकानात कामाला लागला, लग्न केलं.

मीटरवर चार लाख ऐंशी हजार किलोमीटर झाले तेव्हा गाडीच्या आधी सायराकानचा गुडघा बसला. डावा, क्लचचा. तोकतोगुलच्या उतारावर समोर मेंढ्यांचा कळप आला आणि पाय वेळेवर दाबलाच गेला नाही. गाडी कशीबशी थांबली. एक मेंढी बोनेटला घासून गेली. मेंढपाळानं शिव्या दिल्या, आणि सायराकाननं त्या मुकाट्यानं ऐकून घेतल्या, कारण त्या बरोबर होत्या. घरी आल्यावर ती म्हणाली, "कुबात, गाडी विकायची."

कुबातला आनंदच झाला. "दे मला. मी विकतो. आठवड्यात जाईल."

"गाडी माझी आहे, मीच विकेन."

तिनं पुठ्ठ्यावर लिहून काचेला लावलं: चार लाख ऐंशी हजार चाललेली, इंजिन दोनदा खोललंय, डावा दरवाजा रंगवलेला, घाटात कधी बंद पडलेली नाही. कुबातनं ते वाचून कपाळाला हात लावला. "आपा, तू गाडी विकतेयस की कबुलीजबाब देतेयस?"

"घेणाऱ्याला कळायला नको?"

"घेणाऱ्याला काही कळायला नको असतं! त्याला चांगलं ऐकायचं असतं. बाजारात एक तरी गाडी दाखव खऱ्या मीटरची. जगातले सगळे खुळे, आणि तू एकटी शहाणी!"

गिऱ्हाइकं आली. पहिल्यानं फाटकातूनच विचारलं, "मालक कुठायत?" ती म्हणाली, मीच. तो हसला, "नाही, म्हणजे गाडी चालवतं कोण?" दुसऱ्यानं आल्या आल्या इंजिन असं बोंबलवलं की शेजारच्या कुलिपाच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या. सायराकाननं किल्ली काढून घेतली. "उतर. घोड्याच्या कानाशी कुणी ओरडतं का?" तिसरा भंगारवाला निघाला, त्याला फक्त चाकं हवी होती. एकानं पुठ्ठा वाचून विचारलं, "एजे, एक शून्य जास्त पडलंय का?" आणि नाही म्हटल्यावर चहाही न घेता गेला.

मग ओरोज आला. तिशीचा, मऊ बोलणारा. फाटकाबाहेर बूट झटकून आत आला, बसला, चहा घेतला, तळलेले बोरसोक खाल्ले, आणि म्हणाला, "घाटातलं सांगा ना, एजे." कितीतरी दिवसांनी कुणी विचारलं होतं. तिनं सांगितलं. बोगद्यात बर्फाच्या वादळात अडकून सकाळपर्यंत एका विधवेचे हात चोळत बसली होती ते सांगितलं. ओश आलं तरी रडणं न थांबलेल्या माणसाला तिनं हौदावर नेऊन तोंड धुवायला लावलं, मगच दारात सोडलं, तेही सांगितलं. ओरोजचे डोळे ओले झाल्यासारखे दिसले.

"मी ही विकणार नाही," तो म्हणाला. "जपेन. पण माझी ऐपत थोडी कमी आहे."

सायराकाननं सांगितलेल्या किमतीतले चांगले मोठे पैसे सोडले. कागद नावावर करायला वेळ लागतो म्हणून त्यानं फक्त मुखत्यारपत्र करून घेतलं; कागदांवर नाव तिचंच राहिलं. आमच्याकडे बरेच जण तसंच करतात. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ती कुबातला म्हणाली, "चांगल्या हातात गेली." कुबात मोबाइलमध्ये बघत होता. "हो," म्हणाला.

महिनाभरानं एका शनिवारी संध्याकाळी कुलिपा मोबाइल नाचवत आली. "अगं सायरा, ही तुझीच ना? हा दरवाजा तुझाच!"

फोटोत गाडी धुऊन-पुसून चकचकीत उभी होती. सीटला नवी कव्हरं. खाली लिहिलं होतं: 'शहाण्णव हजार चाललेली. एकच मालकीण, वयस्कर बाई. गाडी फक्त बाजाराला जाण्यापुरती वापरलेली.' किंमत तिनं घेतलेल्या पैशांच्या दुपटीहून जास्त. आणि त्याखाली फोन नंबर. तो नंबर सायराकानला पाठ होता. रोज दुपारी ती त्याच नंबरावर विचारायची, जेवलास का.

कुबात घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"ओरोज कोण?"

त्यानं लपवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "माझ्या दुकानाशेजारी बसतो. तू मला विकू देत नव्हतीस, मग काय करू? तुझ्या पुठ्ठ्यानं गाडी भंगारात गेली असती."

"म्हणजे त्याचे डोळे ओले झाले ते..."

"आपा, तो गुणी आहे, लग्नांत निवेदन करतो."

सून नाझिक आतून म्हणाली, "आपा, यात कुणाचं काय गेलं? पैसे घरातच राहणार ना!"

"माझं गेलं," सायराकान म्हणाली. "बाजारापुरती! वीस वर्षं मी कांदे आणायला जात होते? तुझ्या कॉलेजची फी कांद्यातून निघाली?"

"अगं, ते नुसतं लिहायचं असतं. सगळे लिहितात. तुझं नाव तरी कुठंय त्यात?"

"सोमवारी ऑफिस उघडलं की मुखत्यारपत्र रद्द करते."

कुबात मोबाइल घेऊन अंगणात गेला. एवढ्यावरूनच तिनं ओळखायला हवं होतं.

रविवारी सकाळीच गाडी फाटकाशी आली. कुबातबरोबर तालासचा एक तरुण होता, तोलोन. राजम्याचं पीक विकून आलेला, उन्हानं रापलेला, साधा. कागदांवर जिचं नाव आहे त्या बाईला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देणार नाही, एवढा मात्र सावध होता. त्यानं छातीवर हात ठेवून सलाम केला. "आपा, गाडी तुमचीच ना?"

"माझीच. बाळा, नीट ऐक. ही गाडी पाच लाखांच्या घरात चाललीये. मीटर मागं फिरवलंय. ओशच्या रस्त्यावर घासलीये ती. टायमिंग बेल्ट बदलायला आलाय, तो तुटला तर इंजिन जाईल. घ्यायची तर घे, पण त्या भावात घे."

तोलोननं कुबातकडे बघितलं. कुबातनं डोळे किंचित मिटून मान हलवली, दुःखी माणसानं हलवावी तशी. आणि तोलोनच्या चेहऱ्यावर एक मऊ, समजूतदार हसू आलं. सायराकानला ते हसू कळेना.

"बरं, आपा," तो म्हणाला. "अजून काय काय केलंत गाडीनं?"

"चेष्टा करतोस? मी क्लबात शर्यती जिंकल्यात. फ्रुंझेत. कप आहे घरात."

"हो हो," तोलोन म्हणाला, लहान मुलाशी बोलावं तसं. मग कुबातकडे वळून हलकेच म्हणाला, "शर्यतींचं अगदी तू म्हणालास तसंच. माझ्या आजीचंही शेवटी असंच झालं होतं. ती म्हणायची, मी विमान चालवलंय."

तेव्हा तिला कळलं. पोटच्या पोरानं वाटेत काय सांगून ठेवलं होतं ते कळलं. ती जे जे खरं बोलेल ते ते आधीच खोटं करून ठेवलं होतं. जितकं जास्त बोलावं तितकी ती वेडी ठरणार होती.

"थांब," ती म्हणाली, "थांब तू इथंच." आणि दुखऱ्या पायानं आत गेली. कप कपाटावर, गाद्यांच्या मागं होता. स्टूल ओढलं, चढली, नाझिकनं खालून "आपा, पडाल!" म्हणून ओरडा केला, ते बाहेर ऐकू गेलंच असणार. कप घेऊन ती अंगणात आली तेव्हा फाटक उघडं होतं आणि गल्लीच्या वळणावर तिच्या इंजिनाचा आवाज दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जात होता. गिअर उशिरा टाकला, एवढं तिला ऐकू आलं.

सोमवारी ती ऑफिसला गेली नाही. व्यवहार रविवारीच, गाड्यांच्या बाजारात उरकला होता.

पानगळीत तोलोन परत आला, ट्रकवाल्याच्या शेजारी बसून. बेल्ट ओतमोकच्या घाटात तुटला होता. इंजिन गेलं. तालासच्या मेकॅनिकनं गाडी खोलून त्याला खरं काय ते सांगितलं होतं. तो फाटकाशी उभा राहून अशा आवाजात बोलला की दोन्ही बाजूंची घरं बाहेर आली.

"चोर आहात तुम्ही! माझं वर्षाचं पीक खाल्लंत!"

कुबात बाहेर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. चार शेजारी बघत होते, कुलिपा बघत होती. आणि तो म्हणाला, "भाऊ, मला काय माहीत? आईनं जसं सांगितलं तसं मी लिहिलं. ती म्हणाली, बाजारापुरतीच चालवली. तिच्या डोक्याचं तू बघितलंसच. आम्ही तरी काय करणार?"

सायराकान त्याच्या मागं उभी होती. तिनं तोलोनकडे बघितलं. "मी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

तोलोनला आठवलं असावं. मग त्याचा राग आणखी भडकला, कारण आता त्यात त्याचीही चूक मिसळली होती, आणि ती कुणाच्या तरी पदरात टाकायला हवी होती. "सांगितलंत? असं सांगतात? खरं असतं तर चाकाखाली आडवं पडायचं होतंत!" तो फाटकाशी थुंकला आणि ट्रककडे चालू लागला.

लोकांनी कुणावर विश्वास ठेवला? लोकांना दोन्ही पटलं. काहींना सायराकान लबाड वाटली, काहींना भ्रमिष्ट, आणि बऱ्याच जणांना थोडी लबाड, थोडी भ्रमिष्ट. जिनं त्यांच्या माणसांना शेवटच्या मातीपर्यंत पोचवलं होतं, तिच्याशी ते आता मोठ्यानं, सावकाश बोलू लागले. कुलिपा तर ओशच्या रस्त्याच्या सगळ्या गोष्टी जाणत होती, पण एक दिवस कुंपणावरून तीच म्हणाली, "सायरा, मला ओळखलंस ना गं?" सायराकाननं तिला एक सणसणीत शिवी दिली. त्यावरून कुलिपाची खात्रीच झाली.

कुबातशी भांडण असं झालंच नाही. तो रोज "आपा, चहा घेतलास?" विचारायचा, तिच्या पायाला मलम आणायचा. एकदा रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "मी वेडी नाही, हे शेजाऱ्यांना सांग." त्यानं भाकरीचा तुकडा चुरला. "सांगितलं तर मग मी कोण ठरतो, आपा?" त्याचा आवाज खरोखर रडवेला होता. तिनं त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत ती बालिक्चीला, धाकट्या बहिणीकडे जायला निघाली. कुबातनं स्टँडवर नेलं, सीट पकडून दिली, बॅग वर ठेवली. मग खिडकीतून वाकून मिनीबसवाल्याला म्हणाला, "जरा लक्ष ठेवा. विसरते ती. मधे उतरू देऊ नका." बसवाला कोवळा होता, भला होता. वाटेत दोनदा वळून त्यानं मोठ्यानं विचारलं, "आजी, कुठं जायचंय आठवतंय ना?" तो वळणावर ब्रेक दाबत होता, वळणाआधी दाबायचा असतो. सायराकान म्हणाली, "बालिक्ची."

बहीण तुर्सुननं तिला गळ्याशी धरलं, खिडकीजवळची खोली दिली. सगळी हकिकत ऐकून कुबातला शिव्या घातल्या, डोळे पुसले. पण शुक्रवारी कुबातचा फोन यायचा आणि तुर्सुन आवाज खाली आणून बोलायची, "आज बरी आहे... हो, जेवते... नाही, अजून तसं काही नाही."

त्या शुक्रवारी सायराकाननं चहा केला, गॅस बंद केला, पेले आत आणले. तुर्सुन फोन ठेवून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि गॅसचं बटण बंद आहे का ते हात लावून बघून आली.

सायराकाननं ते बघितलं. तिनं बहिणीच्या पेल्यात चहा ओतला.