तांब्याच्या गडूंचं वाण

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने वाण म्हणून तांब्याचे छोटे गडू आणले. प्लास्टिकचे डबे आणि रुमाल देऊन ती कंटाळली होती, आणि तांब्याच्या पाण्यावर तिची श्रद्धा जुनी आहे. आमच्या स्वयंपाकघरात तांब्याचा हंडा असतो. संध्याकाळी त्यात विहिरीचं पाणी भरायचं आणि सकाळी प्यायचं. विहीर आमच्या द्राक्षबागेच्या कडेला आहे, वस्तीवरच्या बाकीच्या घरांचं पिण्याचं पाणीही तिथूनच जातं. आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की फिल्टर नको आणि उकळायलाही नको, रात्रभर तांब्यात ठेवा, जंतू मरतात.

ते खरंही आहे. मी पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकते आणि तांब्याने जिवाणू मरतात हे आमच्या पुस्तकात आहे. म्हणून आईने मला काम दिलं, बायकांना दोन शब्द सांगायचं. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझे तळवे ओले होतात, आणि मला नेमके शब्द इंग्रजीतूनच आधी आठवतात. त्यापेक्षा फोटो दाखवू असं मी ठरवलं. आमच्या हंड्यातलं सकाळचं पाणी बाटलीत घेतलं. तुलनेसाठी डोंगरातल्या आहुपे गावच्या झऱ्याचं पाणी आणलं आणि तेही रात्रभर तांब्यात ठेवलं. दोन्ही लॅबमध्ये नेऊन जिवाणू वाढवायच्या प्लेटांवर पसरलं.

आहुप्याची प्लेट जवळजवळ कोरी निघाली. आमची ठिपक्यांनी भरली होती, आणि एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची एक वसाहत.

माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून मी पुन्हा केलं. तेच आलं. मग आमचं पाणी मोरचूद घातलेल्या प्लेटवर टाकलं. मोरचूद म्हणजे तांब्याचाच निळा क्षार. त्या प्लेटवरही जिवाणू आरामात वाढले. लॅबच्या मॅडमनी प्लेट उजेडात धरली आणि म्हणाल्या, छान सॅम्पल मिळालंय तुला. मी खूश झाले. लिफ्टमध्ये शिरल्यावर आठवलं की ते पाणी आमच्या घरचं आहे.

विहिरीला लागूनच निळा ड्रम आहे. पावसाळ्यात द्राक्षावर केवडा रोग पडू नये म्हणून पप्पा त्यात मोरचूद आणि चुना कालवतात, माझ्या जन्माआधीपासून. फवारणी झाली की ड्रम तिथेच धुतात, आणि ते पाणी मुरून कुठे जातं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्या तांब्याने बहुतेक जिवाणू मेले असतील. थोड्यांना मात्र आत शिरलेलं तांबं पंपासारखं बाहेर फेकता येत होतं. ते जगले आणि वाढले. ही युक्ती ते शेजारच्या जिवाणूलाही देऊ शकतात, तो आपल्या वंशातला असो वा नसो. इतक्या पावसाळ्यांनंतर आमच्या विहिरीत जे उरलेत, त्यांना हंड्यातली एक रात्र म्हणजे काहीच नसावी. त्यांतले रोगाचे किती ते मला अजून माहीत नाही. पण तांबं पुरे आहे असं आता म्हणता येत नव्हतं.

हळदीकुंकवाच्या सकाळी आई चिंच लावून गडू घासत होती तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं.

"म्हणजे माझा हंडा घाण आहे?"

"हंडा नाही गं. पाणी."

"आणि पाणी कोणी घाण केलं? तुझ्या पप्पांनी?"

तिने एक गडू धुतला, पालथा ठेवला. "आजचा दिवस जाऊ दे. उद्या मी स्वतः घरोघर जाऊन सांगते."

मी लगेच हो म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी ओसरी भरली. मी मोबाईलवर फक्त आहुप्याच्या कोऱ्या प्लेटचा फोटो लावून फिरवला. तांब्याने जंतू मरतात, एवढंच बोलले.

"मंग आमच्या मालकांनाच ठेवते रातभर गडूत," एक बाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

शेजारच्या घरातली धाकटी सून मात्र हसली नाही. तिचं बाळ वर्षाचंही नाही. ती जरा पुढे सरकली.

"ताई, मी त्याला या काकूंच्या सांगण्यावरनं तांब्यातलंच पाणी देते. उकळत नाय आता. पोट सारखं बिघडतंय त्याचं. दातांमुळं असंल, व्हय ना?"

मी आईकडे पाहिलं. आई कुंकवाच्या करंड्यात पाहत होती.

"उकळून द्या," मी म्हणाले.

"आँ?"

"आमच्या विहिरीचं पाणी उकळूनच द्या." कसं समजवायचं ते मला सुचेना, म्हणून मी दुसरा, ठिपक्यांचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. "हे आमच्या हंड्यातलं आहे."

मोबाईल हातोहात फिरला. हे मोरचुदातही वाढतात, एवढं मी सांगितलं.

"अगं बया! आन् आमच्या फिल्टरला नावं ठेवत व्हत्या की काकू!"

"म्हंजी जंतूंना बी मोरचुदाची सवय झाली म्हणायची," एक आजी म्हणाल्या.

"सवय नाही, आजी. ज्यांना सोसलं नाही ते मेले. ज्यांना सोसलं तेच उरले."

"मंग सुनांसारखंच म्हण की!"

पुन्हा हसू उसळलं. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी तिला आधी एकदा खूण तरी करायला हवी होती. आणि त्या सुनेने विचारलंच नसतं, तर मी तो कोरा फोटो दाखवत संध्याकाळ काढली असती, हेही मला तेव्हाच कळलं.

वाण मध्येच थांबवता येत नाही. खोडद गावाकडच्या बायका उशिरा आल्या, त्यांनाही द्यायचं होतं. आई एकेकीला हळदीकुंकू लावायची, तिळगूळ द्यायची, मी पुढे केलेला गडू तिच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, "पाणी उकळून पी गं. आमच्या विहिरीचं तर उकळूनच." पहिल्यांदा ते तिने करंड्यात पाहतच म्हटलं. पुढे पुढे ते 'गोड गोड बोला'च्या जोडीचं वाक्य असल्यासारखं येऊ लागलं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

शेवटी एक गडू उरला. धाकटी सून वाण न घेताच बाळाकडे पळाली होती.

"चल," आई म्हणाली.

विहिरीवरून जाताना ड्रमच्या बुडाची निळी कड दोघींनाही दिसली. पप्पांशी कोणी बोलायचं, हा विषय दोघींनीही काढला नाही.

तिच्या घरात गॅसवर पातेलं खळखळत होतं. बाळ कडेवर होतं. आईने तिला कुंकू लावलं, गडू दिला, आणि बाळाच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली, "उद्या याला दवाखान्यात नेऊ. मी येते. माझं ऐकून तू..."

"बसा की काकू. पाणी घ्या," सून म्हणाली. मग पातेल्याकडे पाहून ओशाळली. "गरम हाय अजून. चालंल?"

आम्ही बसलो. पेले हातात धरवत नव्हते. पदराने धरून, फुंकर मारत, आम्ही दोघी ते पाणी प्यायलो.