अध्यक्ष कोकणातला की घाटावरचा

ये गं, जवळ बस, आणि तो फोन ठेव आधी! बहारीनला सनद नावाच्या भागात राहत होतो तेव्हा मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला कोकणातून तुझे आजोबा उभे राहिले, घाटावरून शेजारच्या वहिनींचे यजमान. वहिनींनी माझ्याकडे येणंच टाकलं. चपला वाजल्या की त्याच आल्या असं वाटून मी दाराकडे धावायचे.

तुझी आई शाळेचं पुस्तक वाचत होती. म्हणाली, "मम्मी, अमेरिकेतसुद्धा उत्तर-दक्षिण असंच भांडायचे. सुरुवातीला हरलेला उपाध्यक्ष व्हायचा."

"मग पटायचं त्यांचं?"

"छे!"

तरी मी आजोबांच्या मागे लागले, आणि मंडळानेही हरलेल्याला उपाध्यक्ष केलं. दोघे वर्षभर भांडले, पण मीटिंग आमच्या घरी. पहिल्याच मीटिंगला नवऱ्यामागून वहिनी आल्या नि म्हणाल्या, "चहात साखर कमी घाला हो, कोकणवाल्या बाई!"

आता त्या साताऱ्याला, मी इथे, भेट होत नाही. आज गेलीस की तू तरी लवकर ये परत.