दारातली तपासणी

आमच्या पाळणाघरात मूल आत यायचं तर आधी मावशींच्या हातून जावं लागतं. दारातल्या बाकावर मुलाला उभं करायचं, बाह्या वर, मोजे खाली. मान, कोपरं, पोटऱ्या सगळं बघायचं. ओरखडा दिसला की आणणाऱ्याला तिथल्या तिथे प्रश्न : "हे कुठं लागलं?" संध्याकाळी कुणी आमच्यावर आळ घेऊ नये म्हणून ही पद्धत मी सुरू केली खरी, पण मावशींसमोर भल्याभल्यांची ततपप होते. डास चावल्याचा खुलासा एका वकिलाला दोनदा करावा लागला होता. मुलं मात्र त्यांना सोडत नाहीत.

नव्या नियमाप्रमाणे पाळणाघरात काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस चौकशी व्हायची होती. मावशींच्या बोटांचे ठसे गेले आणि एके सकाळी हवालदार शेवटची विचारपूस करायला आला. मावशींच्या मुलाचं प्रकरणही त्याच्याकडेच होतं. मुलगा रखवालदार; बंदुकीचा परवाना मिळाला की बँकेच्या दारावरची नोकरी पक्की.

"मावशी, तुमच्या नावावर काही नाही," हवालदार चहा फुंकत म्हणाला. "मुलाच्याही नाही. साधी तक्रारसुद्धा नाही. फक्त घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं असतं. घरात कुणावर हात-बित उचलतो का?"

मावशी ताटल्या पुसत होत्या. पुसलेलीच ताटली पुन्हा पुसत म्हणाल्या, "नाही हो. जरा तापट आहे, एवढंच."

"तापट कोण नसतं?" हवालदार हसला, कप ठेवून उठला. चला, एक काम मार्गी लागलं, असं वाटून मीही निर्धास्त झाले. माझी अक्कल ती केवढी!

तो फाटकाशी पोचतोय तोच मावशींची सून नातीला घेऊन आली. मावशींनी नातीलाही बाकावर चढवलं. घरची म्हणून सूट नाही. बाह्या वर, मोजे खाली; पोरगी ठणठणीत. सून वाकून तिच्या बुटाचा बंद सोडायला लागली, तेव्हा तिची स्वतःची बाही मागे सरकली. मनगटाभोवती काळानिळा वळ होता. पाच बोटांचा.

"हे कुठं लागलं?" मावशींच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

सून सावकाश उभी राहिली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही.

"आई, काल रात्री माझं ओरडणं शेजारी जाऊ नये म्हणून तुम्ही नळ मोठा सोडलात ना, तेव्हा."

मावशींचा चेहरा मी बघितला आणि मलाच मान खाली घालावीशी वाटली. इतकी लाज मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितली नव्हती. रोज दुसऱ्यांना धारेवर धरणारी ही बाई बाकाचा कठडा पकडून उभी होती. मग एकदम अनवाणीच फाटकाकडे धावली.

"साहेब, थांबा! खोटं बोलले मी. मारतो तो. बायकोला मारतो. त्याला बंदूक देऊ नका."

हवालदाराने हेल्मेट काढलं. "मग तक्रार कशी नाही एकही?"

"मी होऊ दिली नाही. ती ठाण्याच्या पायरीपर्यंत गेली होती. मीच हाताला धरून परत आणली. घराची अब्रू जाईल म्हटलं." मावशींचा श्वास पुरत नव्हता. "आणि मुलं सांभाळायला मी लायक आहे असं लिहिलंत ना, तेही खोडा."

हवालदाराने हेल्मेट काखेत मारलं. तो परत आत आला आणि सुनेसमोर खुर्ची ओढून बसला. तिने बाही खाली ओढली नाही.

नात बाकावर हात पुढे करून उभीच होती. आजी "जा आत" म्हणाल्याशिवाय कुणी उतरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. ती हाका मारत राहिली. मावशी मात्र उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी दोनदा आत बोलावलं, तरी त्यांचा पाय उचलला नाही.