उपकरणांचं नुकसान नाही

माझे वडील जॉइंटर होते. जमिनीखालच्या विजेच्या केबल सांधायचं काम. आजोबा मालवणाहून येऊन गिरणीत झिजले, बाबा खड्ड्यांत. गोवंडीच्या एका खड्ड्यात ते केबल सांधत बसलेले असताना शेजारच्या चालू केबलचा जुना जॉइंट फुटला. सबस्टेशनातला ब्रेकर लगेच पडला, वीज बंद झाली. पण तेवढ्या क्षणात बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि एक कान कायमचा बंद झाला.

मी इंजिनिअर होऊन बाबांच्याच वीज खात्यात लागलो, फक्त एसीत. सुपरकंडक्टिंग केबलबद्दल वाचलं आणि त्या केबलने मला झपाटलंच. द्रव नायट्रोजनने गार ठेवलेली ही केबल वीज विनाअडथळा वाहून नेते. पण बिघाड होऊन प्रवाह उसळला, की तिचा तो गुण जातो आणि ती स्वतःच प्रवाह अडवते. ब्रेकर पडायची वाट बघत नाही. घाटकोपरच्या दोन सबस्टेशनांमध्ये तिची चाचणी व्हावी, असा प्रस्ताव मी लिहिला. त्यात बाबांचा उल्लेख नव्हता. लिहिला मात्र त्यांच्यासाठीच होता.

नमुन्याचा हातभर तुकडा मी मुलुंडला घरी नेला. बाबांनी तो मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने त्याचं टोक सोलायला लागले. एकेक थर उलगडता उलगडता थांबले.

"ह्यो आपलोच कागद रे," ते म्हणाले.

तो अगदी त्यांचा कागद नव्हता, मध्ये प्लास्टिकचा पदर होता, पण पट्ट्या तशाच गुंडाळलेल्या होत्या. बाबांची पिढी कागदी केबलवर, म्हणजे तारेभोवती कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या केबलवर वाढली. प्लास्टिकच्या केबल आल्या आणि त्यांची विद्या कुणी विचारेना. कागदी जॉइंट करण्याआधी ते लोक कागदाची एक पट्टी गरम तेलात सोडत. तडतडली तर ओल आहे, आज जॉइंट नाही. साहेब कितीही बोंबलला तरी नाही.

बाबांनी आईची कढई गॅसवर ठेवली, खोबरेल तेल ओतलं आणि पट्टी सोडली. ती तडतडली. आईने कपाळाला हात लावला. बाबांनी उरलेल्या पट्ट्या तांदळाच्या डब्यात सुकायला पुरल्या आणि रोज संध्याकाळी एक काढून बघू लागले. नव्या पोरांना कागद कोण शिकवणार, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. उत्तर त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं खूश पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघून भीतीच वाटली.

प्रस्तावाच्या बैठकीत वरिष्ठांनी बिघाडांची नोंदवही मागवली. आपली यंत्रणा उत्तम चालते, हे दाखवायला एक नोंद मोठ्याने वाचली. गोवंडी, शेजारच्या केबलचा जॉइंट. "ब्रेकर वेळेत पडला. उपकरणांचं नुकसान नाही." मग ही महागडी हौस कशाला, असं त्यांनी हसत विचारलं. त्यांचा तरी काय दोष? त्या वहीत माणसांसाठी रकानाच नाही.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझी बढतीची फाइल त्याच माणसाच्या टेबलावर होती. मी पाणी प्यायलो. बैठकीचं इतिवृत्त नेहमीप्रमाणे मीच लिहिलं: सध्या चाचणीची गरज नाही. खाली सही केली. वळणदार येते माझी सही.

घरी आलो तर बाबा गॅसपाशी उभे होते. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. दोन बोटांच्या चिमटीत पट्टी धरून तेलात सोडली आणि चांगला कान कढईकडे केला. तेल गप्प राहिलं.

"आता ओल नाय," ते म्हणाले. "उद्या सांग तुझ्या सायबांका."

सांगतो, म्हणालो.