आबांनी लावलेली जोड

पारोळ्यापासून थोडं आत आमचं गाव. तिथल्या व्यायामशाळेच्या ओट्यावर दुपारचा चहा झाला की कुस्त्या सुरू होतात. माती नाही, हलगी नाही, लंगोट तर नाहीच. लढणाऱ्यांतले निम्मे कधीच वर गेलेले, उरलेल्यांचे गुडघे गेलेले. तरी त्या कुस्त्या होतात, आणि लावतात माझे वडील. त्यांना अख्खं गाव आबा म्हणतं, मीही म्हणते. आजूबाजूच्या जत्रांमध्ये त्यांनी आधी कुस्त्या मारल्या, मग वर्षानुवर्षं पंच म्हणून जोड्या लावल्या. आता जत्रेत त्यांना मानाची खुर्ची मिळते, म्हणून पंचगिरीची सगळी हौस ते ओट्यावरच्या या जुन्या खेळात भागवून घेतात.

म्हणजे असं, की त्यांच्या वडिलांच्या काळातला चोपड्याकडचा एक धिप्पाड गडी घ्यायचा आणि त्याच्यासमोर आजचा, मातीऐवजी गादीवर घडलेला, मोबाईलवर स्वतःचेच डाव पाहणारा पोरगा उभा करायचा. कोण पडेल? नियम आबांचेच. माणूस त्याच्या ऐन भरातला धरायचा. वजन बरोबरीचं हवं, नाहीतर तिला जोड म्हणायचं नाही. आणि शेजारी बसलेले त्यांचे दोस्त नाना, निवृत्त कंडक्टर, यांनी प्रत्येक निकालावर हरकत घ्यायचीच.

कोणाची जोड कोणाशी, हे मला पाढ्यांच्या आधी यायला लागलं. लोक या प्रकाराला रिकामटेकडा उद्योग म्हणतात. म्हणोत. गावात बाकीचे बांधावरून भांडतात, माझे वडील मेलेल्या माणसांना न्याय मिळावा म्हणून भांडतात. मला त्याचा अभिमानच आहे.

लग्नानंतर मी जळगावला आले, डाळ मिलच्या ऑफिसात काम करते. माझी लेक कॉलेजात आहे आणि बॉक्सिंग शिकते. तिचं नाक फुटलं तर लग्नाचं कसं, हे विचारणारे नातेवाईक भरपूर. त्यांना मी सांगून ठेवलंय, नाक तिचं आहे, तुम्ही तुमचं खुपसू नका. तो विषय तिथेच मिटतो.

मिटत नव्हता तो आबांचा विषय. ते विरोधात काही बोलत नसत, आणि तेच जास्त लागायचं. ठोसे मारणं ही त्यांच्या लेखी मारामारी होती, कुस्ती नव्हे. कुठल्या कुठल्या गावचे, कुठल्या कुठल्या काळचे गडी त्या ओट्यावर उतरले, पण घरातली पोरगी कधी उतरली नाही. लेक काही म्हणायची नाही. गावी गेलो की फक्त विचारायची, "आबा, आज कोणाची लावली?" आणि ऐकत बसायची. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं, कारण मलाही तेच हवं होतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ती जिंकली तेव्हा हॉलमधूनच मी आबांना फोन लावला. आमच्या अहिराणीत म्हटलं, "आबा, काय सांगू! पोरीनी पंचवर पंच मारात!"

तिकडून आबांचा आवाज आला, "पंचवर हात टाका तिनी?" आणि फोन बंद. मला वाटलं, रेंज गेली. त्यानंतर आठवडाभर फोन केला की आई उचलायची आणि आबा बाहेर गेलेत म्हणायची.

रविवारी आम्ही दोघी पदक घेऊन गावी गेलो. आबा ओट्यावरच होते, पण मान वर करेनात. शेवटी नाना हळूच मला म्हणाले, "आठ दिन व्हयनात, आबा कोनशी बोलस नही. पंचले मारं म्हणे पोरनी."

मी आधी कपाळावर हात मारला आणि मग जी हसत सुटले, ती पायरीवरच बसले. जन्मभर पंच राहिलेल्या माणसाला मी फोन करून कळवलं होतं, की तुमच्या नातीनं एकामागून एक पंच बडवून काढले.

लेकीनं आबांसमोर मूठ धरली. "आबा, हा पंच. इंग्रजीत ठोशाला पंच म्हणतात."

"मंग कुस्ती सोडावस त्याले काय म्हंतस?"

"रेफरी."

आबांनी तिथेच निकाल दिला. "मंग तुम्हना ठोसानं नाव बदला. भला मानूस फशी पडस."

चूक इंग्रजीची ठरली. आबांचा चेहरा खुलला. त्यांनी पदक हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, परत दिलं आणि विचारलं, "वजन कितलं तुन्हं?"

मी कान टवकारले. आबा वजन विचारतात ते फक्त एकाच कामासाठी. लेकीनं सांगितलं.

"इतला वजनना मी सोळा वरीसना व्हतू," आबा म्हणाले.

नानांनी कप खाली ठेवला. "आबा, जोड लावस काय?"

"लावस."

आणि ते उठले. धोतर खोचलं, ओट्याखाली उतरून हात पुढे केला. लेक चवड्यांवर उभी राहिली, मुठी हनुवटीशी. आबा मनगटाला हात घालायला गेले, मनगट तिथे नव्हतं. पुन्हा गेले, पुन्हा नव्हतं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी तिचा कोपर असा पकडला, की तिला सोडवता येईना. "आठे मी पट काढतू," ते म्हणाले, म्हणजे इथे पाय ओढून पाडलं असतं, आणि सोडलं. नात म्हणून त्यांनी तिला काही सूट दिली नाही. ते पाहून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

धापा टाकत ते ओट्यावर बसले. डोळे मिटले. निकाल देताना ते नेहमी असेच बसतात.

"पहिला राउंड मन्हा," ते म्हणाले. "दुसरा बी मन्हा. तिसरामा मन्हा दम जाई. मंग हाई पोर मले काय सोडस!"

"म्हणजे तू पडना?" नानांनी विचारलं.

"पडनू."

"नात शे म्हनीसन सांगस तू!"

"नाना," आबांचा आवाज चढला, "जोड लावामा मी कधी बेइमानी करी नही."

आयुष्यात पहिल्यांदा नानांनी निकाल मान्य केला. माझ्या वडिलांनी स्वतःची पडलेली कुस्ती कधी कोणाला सांगितलेली मी ऐकली नाही. त्या दुपारी, सोळा वर्षांचे होऊन, ते माझ्या लेकीसमोर पडले आणि ते त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. लेकीची पदकं आमच्या कपाटात आहेत, पुढेही येतील. पण पाहुण्यांना मी आधी ही कुस्ती सांगते.