काडेपेटीआधी पाणी

दत्तात्रय सबनीस यांनी १९६९ पासून बावीस वर्षे फरिदाबादजवळच्या डोंगरातल्या एका दगडखाणीची दारूकोठी सांभाळली. कोठीत सुरुंगाची काळी दारू. तिला एक ठिणगी पुरते. बुटाचा खिळा दगडावर घासून उडालेलीसुद्धा. म्हणून आत लोखंड जात नसे. पेट्या उघडायची हत्यारे लाकडाची किंवा पितळेची, सुरुंग उडवायच्या स्फोटक टोप्या दूर वेगळ्या खोलीत, काम फक्त दिवसाउजेडी. बावीस वर्षांत अपघात एकही नाही. सबनीसांना अभिमान होता तो मात्र फाटकाबाहेरच्या एका लाकडी पेटीचा.

१९७१ च्या जानेवारीत चौधरी हरफूलसिंह दोन व्याह्यांना घेऊन कोठी दाखवायला आले. खाणीची जमीन त्यांची, वय सत्तरीचे. सबनीस फाटकातच म्हणाले, "माचिस निकालो. जूते उतारो."

"किसको बोल रहा है, बाबू?"

"तीनों को. जेब भी दिखाओ."

सबनीस पुण्याचे. नियम सगळ्यांना सारखा, तो थोडक्यात सांगावा, कुणाचा वेळ घेऊ नये, हे त्यांच्या लेखी सौजन्यच होते. चौधरींच्या लेखी व्याह्यांसमोर त्यांची झडती निघाली होती. ते फाटकातूनच परत गेले. दुपारी खाणमालकाचा निरोप आला: पाहुणे उद्या पुन्हा येतील, त्यांना झडतीशिवाय आत सोडा, नाहीतर परवापासून येऊ नका.

सबनीस दिल्लीत आर. के. पुरमला राहत. सरकारी घर पत्नीच्या, सरलाबाईंच्या, नोकरीमुळे मिळालेले. संध्याकाळी त्यांनी बाईंना सगळे सांगितले. "माफी मागेन. पण काडेपेटीसकट कुणाला आत सोडणार नाही. नोकरी गेली तरी चालेल."

"सोडू नकाच. पण त्यांना पाणी दिलंत का?"

"ती काय खानावळ आहे?"

"दोन वर्षं झाली दिल्लीत. अजून पाहुण्याला 'चहा घेणार का' विचारता. इथे हो कोण म्हणतं? समोरच्या मल्होत्राबाई विचारतात का? सरळ कप हातात देतात. तुम्हीपण बोलू नका, आधी करा."

सबनीस उठले आणि सरोजिनी नगरच्या बाजारातून चार जोड कापडी सपाता घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी फाटकापासून पन्नास पावलांवर, किकराच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडाखाली, दोन खाटा, एक माठ आणि कुलपाची लाकडी पेटी होती. चौधरी आले तसे सबनीस पुढे गेले. "राम राम, चौधरी साहब." तिघांना त्यांनी स्वतः पाणी दिले. मग स्वतःचे बूट काढले, सपाता घातल्या, खिसे उलटे करून घराच्या किल्ल्या नि सुटे पैसे पेटीत ठेवले आणि पेटीची चावी चौधरींपुढे धरली. "मेरी अमानत. आपके पास रहेगी."

दोन्ही व्याह्यांनी काही न विचारता काडेपेट्या आणि बिड्या पेटीत ठेवल्या, जोडे उतरवले. चौधरी बसून राहिले.

"बाबू, कल यह पानी कहाँ था?"

"कल मुझे सूझा नहीं. गलती मेरी थी."

"और मैं माचिस न दूँ तो?"

"तो और पानी पिलाऊँगा, चौधरी साहब. ताला नहीं खोलूँगा."

चौधरी व्याह्यांकडे वळले. म्हणाले, "अड़ियल तो कल भी था. आज तमीज़ से अड़ रहा है." त्यांनी पगडीच्या घडीत बोटे घातली, काडेपेटी काढली आणि पेटीत टाकली.

ती पगडीत होती. आदल्या दिवशी तिघांचे खिसे तपासून सबनीसांनी त्यांना आत नेले असते, तर ती दारूपर्यंत पोहोचली असती. पगडीला हात लावायचे धाडस त्या भागात कुणीच केले नसते. नुसत्या दरडावणीने कोठी सुरक्षित राहत नाही, हे सबनीसांना त्या सकाळी कळले.

मालकाने नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही. खाटा आणि माठ तिथेच राहिले आणि चौधरी पुष्कळदा तिथे येऊन बसत. नवा माणूस फाटकाकडे निघाला, की चौधरीच हटकत, "पहले पानी पी ले, भाई." सबनीस १९९१ मध्ये निवृत्त झाले, तोवर त्या पेटीत हजारो काडेपेट्या पडल्या होत्या. त्या दिवसानंतरची एकही त्यांनी मागून घेतलेली नव्हती.