कुडापलीकडचे बाबा

गोरेगावच्या आठवडी बाजारात अल्का भाजी घेऊन बसली की तिचा आवाज पार टोकाच्या मिरचीवाल्यापर्यंत जायचा. कुणी वांगं दाबून पाहिलं तर ती म्हणायची, "दाबून कायले पायता भाऊ? वांगा हाय, आंबा नोहे!" गिऱ्हाईक हसायचं आणि किलोभर वांगी घेऊन जायचं. घरामागच्या सांदवाडीत ती आणि तिचा नवरा मनिराम मिळून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि वालाच्या शेंगा पिकवत. विकायचं काम मात्र अल्काचं. मनिरामला भाव करता येत नसे. कुणी दोनदा कमी भावात मागितलं की तो तसंच देऊन टाकायचा.

पण हीच अल्का गुरुवारच्या प्रार्थनेत मुकी व्हायची.

त्यांच्या गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी टिनाच्या छपराच्या प्रार्थनाघरात उपासना होई आणि गुरुवारी दुपारी बाया एकेकीच्या घरी जमत. गाणं व्हायचं, मग जिच्या मनात जे असेल ते ती आपल्या तोंडानं देवबापापुढे मांडायची. उपकार मानायला अल्का सगळ्यांच्या पुढे. शेळी सुखरूप व्याली, मनिरामचा ताप उतरला, लेक टीनाचा पेपर चांगला गेला, मेथीवर कीड पडली नाही, अशा कितीतरी गोष्टींसाठी ती डोळे मिटून भरभरून आभार मानायची. शेजारणीच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी मागायचीही. स्वतःसाठी मागायची वेळ आली की मात्र शेजारी बसलेल्या पाळकबाईंना कोपरानं हळूच ढोसायची, "रीनाबाई, माह्यं तुमीच सांगा ना."

रीनाबाई वयानं तिच्याहून लहान, हसऱ्या. त्या सांगायच्या. अल्का खाली मान घालून ऐकायची आणि शेवटी मोठ्यांदा "आमेन" म्हणायची. आपलं काम योग्य माणसाच्या हातून पोचलं, असं तिला वाटायचं.

असं वाटायला कारण होतं. अल्का सालेकसा भागातल्या एका लहान गावात वाढली. जंगलाच्या कडेला घर. बांबूच्या कांबट्या विणून वर शेणमाती लिंपलेला कूड, आत चूल, बाहेर ओसरी. ओसरीवर बाज टाकून बाबा बसायचे. केवलराम त्यांचं नाव. ते कधी तिच्यावर हात उगारत नसत, आवाजही चढवत नसत. पण त्या घरात, आणि आसपासच्या सगळ्याच घरांत, लेकरांनी बापाशी सरळ बोलायची रीत नव्हती. काही हवं असलं की चुलीपाशी बसून मायला सांगायचं. माय म्हणायची, "सांगतो तुह्या बाबाले." आणि ते व्हायचं. तापात तोंडाला चव नव्हती तेव्हा संत्री आली. शाळेच्या सहलीला जायचं होतं, जायला मिळालं. आमगावकडचा एक मुलगा तिला पाहून गेला होता. ती चुलीपाशी बसून रडली, "मले तिथं नाय जायचं, माय." दुसऱ्या दिवशी दुपारी माय एवढंच म्हणाली, "मोडली ती सोयरीक. जेव आता." अल्कानं मायच्या पाठीवर डोकं टेकवलं होतं. बाबांचे आभारही तिनं मायच्याच हाती धाडले.

संध्याकाळी बाबा ओसरीवर डोक्याचा दुपट्टा काढून प्रार्थना करायचे. आत चुलीपाशी बसलेल्या अल्काला ती ऐकू यायची. शेवटी तिचं नाव यायचं. तिला बरं वाटायचं, पण ते नाव घेणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसावं असं तिच्या कधी मनात आलं नाही.

माय जाऊन आता दोन वर्षं झाली होती. बाबा त्या घरात एकटे राहत. अल्काला भाऊ नव्हता. ती फोन करायची, तोही शेजारच्या शालीकरामकाकांना. "बाबा जेवले का, काका?" असं विचारायची आणि ठेवून द्यायची. बाबांना आपल्याकडे आणावं ही गोष्ट तिच्या मनात रोज होती. मागच्या वर्षी तिनं मनिरामला धाडलंही होतं. सासऱ्यांनी जावयाला चहा पाजला, कोंबडीचं जेवण घातलं, नव्या तांदळाची पिशवी दिली आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून परत पाठवलं.

यंदा नाताळ पंधरा दिवसांवर आला असताना शालीकरामकाकांचाच फोन आला.

"अल्का, तुह्या बाबाची घोंगडी जळली."

"बाबाले—"

"बाबाले काई नाय झालं. जाळापाशी झोपले होते, घोंगडीचा कोना पेटला. मी बालटीभर पाणी ओतलं तं माह्यावरच खेकसले, घोंगडी ओली केली म्हणून. पण पोरी, यावेळी मी जागा होतो. रोज राहीन का? घेऊन जा त्याइले."

त्या गुरुवारी बाया अल्काच्याच घरी जमल्या होत्या. तिनं सगळं सांगितलं आणि रीनाबाईंना म्हणाली, "देवापाशी मागा. अन् उद्या माह्यासंगं चला. बाबाशी तुमीच बोला. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

रीनाबाईंनी गाण्याची वही मिटली. "बाजारात वांगी विकायला मला नेता का?"

"ते अलग हाय."

"काय अलग?"

"वांगे का माहे बाबा हायत?"

सगळ्या बाया हसल्या. रीनाबाईही हसल्या, पण मागे हटल्या नाहीत. "अल्काताई, मी तुमच्यासाठी रोज मागेन, त्यात कसूर नाही करणार. पण देव तुमचाही बाप आहे ना? त्याच्या घरात तुम्ही पाहुण्या आहात का? आज तुम्ही बोला. आम्ही बसलोय."

अल्कानं डोळे मिटले. आभाराचे शब्द ओठांवर आले, तेवढे म्हणून झाले. त्याच्या पुढे काहीच नव्हतं. बाहेर कोंबडी फडफडली. कुणीतरी खोकलं. "तर... आमेन," ती घाईनं म्हणाली आणि चहा ठेवायच्या निमित्तानं उठली. चहात साखर टाकताना तिचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेंगा तोडायला सांदवाडीत गेली. वालाच्या वेलांवर दव होतं, बोटं गारठत होती. पलीकडे धानाची कापणी झालेल्या बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य कोवळं उगवलं होतं आणि त्याच्यावर धुकं टेकलं होतं. शेंग तोडता तोडता ती बोलायला लागली. पुस्तकी भाषा नाही, डोळे मिटले नाहीत, हातही थांबला नाही.

"मले असं बोलता येत नाय. कधी बोललीच नाय. माह्या बाबाले इथं आणायचं हाय. ते येतील का नाय, मले मालूम नाय. त्याइच्यापाशी तोंड उघडलं पायजे, अन् मले भेव लागते. बस, इतकंच हाय."

काही घडलं नाही. धुकं होतं तसंच होतं. फक्त टोपली उचलताना तिच्या ध्यानात आलं की आज निरोप पोचला असेल का, असा विचार मनात आलाच नाही. मध्ये कुणी नव्हतंच.

त्याच दिवशी एसटीनं ती आमगावला आणि तिथून पॅसेंजरनं सालेकशाला गेली. ती गावात पोचली तेव्हा दुपार कलत होती. अंगणातल्या दोरीवर ती घोंगडी वाळत होती, कोपऱ्यात पंज्याएवढं भोक. बाबा बाजेवर बसून तूर सोलत होते.

"आली?"

"हो."

"जवाई बरे हायत?"

"हो."

तिनं वाटेत ठरवलेली सगळी वाक्यं तिथंच संपली. चहा करते म्हणून ती आत गेली. चूल होती, मायची बसायची पाटली होती, फुंकणीही होती. अल्कानं जाळ केला, भांडं ठेवलं आणि त्या पाटलीकडे पाहून सवयीनं पुटपुटली, "आता कसं सांगू, माय?"

"का सांगाचं हाय?" ओसरीवरून बाबांचा आवाज आला.

अल्काच्या हातातला चमचा पडला. "तुमाले आयकू आलं?"

"कूड हाय, पोरी. शिमिट नोहे."

चहा उतू गेला तेव्हा ती उठली. दोन पेले घेऊन बाहेर आली आणि बाजेच्या खाली, भुईवर बसली.

"बाबा, तुमाले नेहमीच आयकू येत होतं?"

"चूल तिथं, बाज इथं. कान का बजारात ठेवून येत होतो?"

"मी तापात होती, संत्रं मागितलं होतं..."

"तुही माय उठून बाहेर येईपर्यंत मी सायकल काढली होती. आमगावपर्यंत गेलो."

अल्कानं पेला खाली ठेवला. "अन् ती सोयरीक?"

बाबांनी तुरीची शेंग सोलून दाणे टोपल्यात टाकले. "तुही माय भेली होती. मले काईच बोलली नाय. तू रडत होती ते मी आयकलं. रातभर जागा होतो, सकाळी जाऊन नाय म्हणून आलो."

मायनं सांगितलंच नव्हतं. एवढी वर्षं अल्का ज्या गोष्टीसाठी मायला दुवा देत आली, ती कुडाच्या या बाजूला बसलेल्या माणसानं रात्रभर जागून ठरवली होती. बाबांची प्रार्थना आपल्याला आत ऐकू येत होती, मग आपलं रडणं त्यांना बाहेर ऐकू जाणारच, ही इतकी साधी गोष्ट तिला कधी सुचली नव्हती.

"मंग तुमी काऊन नाय बोलले कधी?"

"तू मले कुठी सांगत होती? मायले सांगत होती. मधात मी कायले तोंड खुपसू?" त्यांनी चहावर फुंकर मारली, एक घोट घेतला. मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "आयकू तं सारंच येत होतं. पण तू मले सांगितलं असतं तं बरं वाटलं असतं."

अल्काचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले नाहीत.

"मंग आता सांगतो," ती म्हणाली. "बाबा, माह्या घरी चला. तुमी इथं जाळापाशी एकटे झोपता, मले तिकडं झोप येत नाय. काका म्हणतात म्हणून नाय, जवाई म्हणतात म्हणून नाय. मले तुमी माह्या घरी पायजे."

केवलरामांनी उठून दोरीवरची घोंगडी काढली आणि ती मांडीवर घेऊन ते परत बाजेवर बसले.

"जवाई आला होता मागच्या साली," ते म्हणाले. "म्हणे, अल्का म्हणते चला. मी म्हटलं, अल्का म्हणते तं अल्का काऊन नाय आली?"

"आता आली ना."

"कोंबड्या कोण पाहील?"

"शालीकरामकाका."

"तो अंडे खाईल सारे."

"खाऊ द्या. त्याइनच पाणी ओतलं तुमच्यावर."

बाबा हसले. खालचे दोन दात पडलेले तिला पहिल्यांदाच दिसले. इतक्या जवळून ती कधी बसलीच नव्हती. "थंडीपुरता येतो," ते म्हणाले. "पुढचं पुढं पाहू."

पुढच्या गुरुवारी पुन्हा अल्काच्याच घरी प्रार्थना ठरली. तिनंच तसं मागून घेतलं होतं. बाबा ओसरीवर उन्हात बाज टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, अंगावर मनिरामनं आणलेलं नवं ब्लँकेट. जुनी घोंगडीही त्यांनी सोबत आणली होती आणि पायांवर टाकली होती. भोक वरच्या बाजूला. बायांनी जाता जाता त्यांना नमस्कार केला, त्यांनी प्रत्येकीला "बस, बस" म्हटलं.

आत सगळ्या बसल्या. वाऱ्याला धार होती. रीनाबाई दार लोटायला उठल्या.

"राहू द्या उघडं," अल्का म्हणाली. "आमच्या भिंती विटेच्या हायत."

रीनाबाईंना काही उमगलं नाही, पण त्या येऊन बसल्या. गाणं झालं. अल्कानं या वेळी कुणाला कोपरानं ढोसलं नाही. तिनं आधी उपकार मानले. बालटीभर पाण्यासाठी मानले, वेळेवर आलेल्या गाडीसाठी मानले, संत्र्यांसाठी मानले. शेजारच्या बाईनं एक डोळा उघडून पाहिलं, संत्री कुठली म्हणून. मग मायसाठी मानले आणि ज्यानं माय सांगायच्या आधीच सगळं ऐकलं त्याच्यासाठी मानले.

"आता माह्यं एक मागणं हाय," ती म्हणाली. आवाज बाजारात असतो तसा होता, टोकापर्यंत जाणारा. "देवबापा, तुले मालूमच हाय, तरी सांगतो. बाबा थंडीपुरते आले हायत. थंडी सरली तरी त्याइले इथंच राहू दे. मले त्याइच्यापाशी बसायचं हाय."

बाहेर तुरीच्या शेंगा सोलण्याचा कटकट आवाज मघापासून चालू होता. तो थांबला. अल्कानं आमेन म्हटलं नाही. ती अजून बोलतच होती.